डावीचा तळ

सुसाबाईंची चप्पल उलटी केली
आणि मला कळलं, बाई पडली आहे.

उजवीची टाच सरळ झिजलेली.
डावीची मात्र बाहेरच्या कडेनं, पार कागद झालेली,
आणि पुढं बोटांखाली खरवड,
पाय उचलत नाही, ओढत येतो, त्याची.
चाळीस वर्षं तळ वाचतोय मी.
माणूस काहीबाही सांगतं. तळ कशाला सांगेल?

"म्हशीनं ढकललं," ती म्हणाली.
मनगटाला पट्टा, हनुवटीवर पिवळा पडत चाललेला डाग.
"कुठल्या?"
"तीच की. कपाळावर चांद हाय ती."
ती म्हैस मला माहीत आहे.
गंगावेशीत दूध कट्ट्यावर
पोरं तिच्या पोटाखालनं चेंडू काढतात,
ती कानसुद्धा हलवत नाही.

म्हटलं, बसा. पाय द्या इकडं.
"माझा पाय? तुमच्या हातात?"
एवढी वर्षं मापं घेतली ती कागदावर.
पेन्सिल फिरायची भोवतीनं,
माझं बोट लागायचं नाही तिला.
तिच्या सासूच्या वेळेपासून तसंच चाललेलं.

घमेल्यात कोमट पाणी. कोपर बुडवून बघितलं.
शेण निघालं, मग भेगा दिसल्या,
करंगळीखाली हरभऱ्याएवढं कुरूप,
आणि अंगठ्याचं नख मांसात वळून बसलेलं.
त्याला चुकवत चालायची बाई, बाहेरच्या कडेवर,
ओल्या फरशीवर तसल्या पायाचा काय भरवसा.
"नखं कोण कापतं?"
"वाकवत न्हाई मला."
"सून आहे की."
"सणाला पाया पडती. पाय कुठं बघती?
आन् मी कसं सांगू तिला, धर म्हणून?"

बेचक्या कोरड्या पुसल्या.
मेण लावलेला दोरा घेतला, शिवायचाच.
"डोळे मिटा. लागला की सांगा."
करंगळीला लावला.
मधल्या बोटाला.
अंगठ्याला, दोनदा.
रस्त्यावरनं एक रिक्षा गेली, तिचा आवाज लांब होत होत संपला.
सुसाबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी बसलेली.
मग म्हणाली,
"लावा की आता."

मी डॉक्टर नव्हे.
मापाच्या कागदावरच लिहून दिलं तिच्या लेकासाठी:
सीपीआरला न्या. साखर बघून घ्या.
नख तिथंच काढा, घरात ब्लेड लावू नका.
रोज रात्री तळव्याखाली आरसा धरा,
वाकायला नको, खडा रुतला तर दिसेल तरी.
न्हाणीतली शेवाळलेली फरशी घासा.
आणि म्हशीला काही बोलू नका.

चप्पल नवी केली. अंगठ्याला पुढं मोकळी जागा,
टाच रुंद, मागनं पट्टा,
तळाला खाचा पाडलेलं रबर.
माझ्या बापानं बघितलं असतं तर थुंकला असता,
कापशीला रबर!
विंचू घालणार नव्हतो. म्हातारपणी कशाला करकर?
"वाजाय पायजे," ती म्हणाली. "म्हस वळखती मला."
घातला. एकाच पायात.

परवा आली ती तक्रार घेऊन.
पहाटे चारला गोठ्याकडं निघावं
तर करकर ऐकून सून उठती,
दिवा लावती, मागं मागं येती.
"जराबी मोकळीक न्हाई."
पाय मात्र उचलून टाकत होती.

दुकान बंद करताना आज
नातवाला जवळ बोलावलं. आठ वर्षांचा आहे, हात हलका.
पन्नास वर्षं याच पायांच्या बोटांत चामडं धरून कापत आलो,
पाय कधी बघितले नाहीत.
म्हटलं, हा दोरा घे, कुठल्याही बोटाला लाव,
मी डोळे मिटतो.

रापीला तेल लावलेलं आहे. कुंडीतलं पाणी निवळलंय.
पोरगं गप्प आहे.
अजून लावला नसेल.